भिंतीकडे तोंड केलेला आरसा

१

भर दुपारी, घरातली सगळी माणसं दफनभूमीत गेलेली असताना, सिरिल ऍशमीड यांच्या खोलीत कुणीतरी चाललं.

मॉरीन टॉलीबाईंनी ते आपल्या कानांनी ऐकलं. त्यांचं आणि ऍशमीडांचं घर एकाच भिंतीला चिकटलेलं, आणि ऑर्मली गावातल्या वॉर्डल स्ट्रीटवरच्या भिंती म्हणजे नुसत्या नावाच्या भिंती. गुडघा सुजला म्हणून बाई त्या बुधवारी दफनाला गेल्या नव्हत्या. खुर्चीत बसून चहा घेत होत्या.

"आधी जिना वाजला. मग खोलीतली फळी. मग बराच वेळ कुणीतरी नुसतं उभं होतं," त्या म्हणाल्या.

"उभं राहिल्याचा आवाज कसा येईल हो?" व्हेरोना पिनॉकने विचारलं.

"येतो. फळी दाबलेली राहते आणि हळूहळू कुरकुरते. चाळीस वर्षं ऐकतेय मी ती खोली. सिरिल त्या वेळी पेटीत होता बाई, आणि पेटी खड्ड्यात उतरत होती. मग वर कोण होतं, सांगा ना!" टॉलीबाईंनी शाल घट्ट ओढून घेतली. "आणि तेव्हापासून रोज. चारच्या सुमारास. पण ती पावलं निराळी. डावा पाय ओढत चालतो ना कुणी, तशी."

सिरिल डावा पाय ओढत चालायचे, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. व्हेरोनाच्या मानेवर काटा उभा राहिला आणि तिला स्वतःचाच राग आला. ती सार्जंट होती, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या विभागातली. भुताखेतांच्या चौकशीला थोडीच आली होती!

ती आली होती सिरिल यांच्या नातवासाठी. डेवॉन ऍशमीड, वय तेवीस, बसडेपोत मेकॅनिक. आजोबा गेले सोळा दिवसांपूर्वी, रविवारी. त्यानंतरच्या गुरुवारी पलीकडच्या गल्लीतल्या हेस्टर क्वेल या ऐंशी वर्षांच्या बाईंच्या घरात चोर शिरला. त्याने बाईंना ढकललं, त्यांचं कंबरेचं हाड मोडलं, आणि त्यांच्या नवऱ्याचं चांदीचं खिशातलं घड्याळ गेलं. बाईंनी पाहिली ती फक्त पाठ: उंच, अंगात टोपीचं जाकीट. शनिवारी पोलिसांनी ऍशमीडांच्या घराची झडती घेतली आणि घड्याळ आजोबांच्या खोलीत, डेवॉनचे कपडे ठेवलेल्या खणात त्याच्या मोज्यांखाली मिळालं, असं कागद सांगत होते. आजोबांच्या दफनालासुद्धा त्याला तुरुंगातून सोडलं नाही. आता येत्या शुक्रवारी कोर्ट होतं. गुन्हा कबूल केलास तर शिक्षा कमी होईल, असं वकिलानेच त्याच्या गळी उतरवलं होतं, आणि पोरगा सही करायला तयार झाला होता. आज मंगळवार होता.

"पावलांचं कुणाला सांगितलंत?" व्हेरोनाने उठता उठता विचारलं.

"आपल्या ऍलिस्टरला. त्याच दिवशी संध्याकाळी. गोड पोरगा! म्हणाला, मॉरीन, जुन्या घरांत पाण्याचे नळ वाजतात, झोपा शांत."

व्हेरोनाने वही उघडून नाव लिहिलं. कॉन्स्टेबल ऍलिस्टर विक्स. झडती घेणाऱ्या दोघांपैकी एक. टॉलीबाईंच्या तक्रारीची ठाण्यात कुठेच नोंद नव्हती.

२

शेजारचं दार साखळी लावूनच उघडलं. फटीतून एक डोळा दिसला.

"पोलीस म्हणून आलीस, की मर्लची पोरगी म्हणून?"

"दोन्ही, मिस आयलीन."

"दोघींना जागा नाही माझ्याकडे. एकीनेच आत यायचं."

आयलीन ही सिरिल यांची थोरली लेक. आईविना वाढलेल्या डेवॉनची आत्या, आणि चर्चच्या रविवारच्या वर्गात व्हेरोनाला बायबल शिकवणारी बाई. व्हेरोना पोलिसात गेली त्या दिवसापासून, म्हणजे सोळा वर्षं, ती व्हेरोनाशी एक अक्षर बोलली नव्हती. चर्चच्या दारात भेट झाली की आयलीन तिच्या आईला विचारायची, ‘मर्ल, तब्येत कशी आहे?’ आणि शेजारी उभ्या व्हेरोनाकडे अशी बघायची की तिथे खांबच आहे.

"मर्लची पोरगी आलीय," व्हेरोना म्हणाली. साखळी निघाली.

"शनिवारी काय झालं, सांगाल?"

"दहादा सांगितलं की! लिहून घेतलं का कुणी? घरातलीच बाई, ती काय खरं बोलणार! अगं, बाबांच्या खोलीच्या दारात मी खुर्ची टाकून बसले होते. दार बंद. म्हटलं, माणूस जाऊन आठवडा झाला नाही, नववा दिवस व्हायचाय, या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तो गोरा जाडा सार्जंट खाली स्वयंपाकघर उसकटत होता. वर आला तो विक्स. हसला. ‘बसा आंटी, तुम्हाला नाही त्रास देत,’ म्हणाला आणि गेला खाली. माझ्या हातचे डंपलिंग खाल्लेला पोरगा! आणि आता म्हणे त्या खोलीत घड्याळ सापडलं!"

"मला खोली बघू द्याल?"

आयलीन पुढे होऊन जिना चढली.

खोली थंड होती. पलंग दाराजवळच्या भिंतीला, गादी उभी करून टेकवलेली, शेजारी खणांचं टेबल. कपाट उलटं फिरवलेलं, त्याचा आरसा भिंतीकडे, नुसती फळकुटाची पाठ खोलीकडे. व्हेरोनाला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. जमैकाहून आलेल्या या घरांतून हेच करतात. मेलेल्याचा जीव नऊ दिवस घरात घुटमळतो. नवव्या संध्याकाळी रस्ताभर माणसं जमून गाणी म्हणतात, जेवतात आणि खोलीची मांडणी पार बदलून टाकतात. परत आलेल्याला खोली ओळखता येत नाही आणि तो आपल्या वाटेने जातो. घुटमळणाऱ्याला इथे ‘डपी’ म्हणतात, तेही हळू आवाजात.

"बुधवारी दफनाहून आले ना, तेव्हा उंबऱ्यावरचे तांदूळ पसरलेले होते," आयलीन पुटपुटली. "मी दाणे टाकले होते गं. डपीला ते मोजत बसावे लागतात, म्हणून. दाणे चिरडलेले होते, पोरी. पांढरं पीठ झालेलं."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"तुझ्या पोलिसांना? काय सांगू, माझा मेलेला बाप आला होता म्हणून? हसून हसून मेले असते."

व्हेरोनाने पिशवीतून कागद काढला. विक्सने जबानीसोबत खोलीचा नकाशा जोडला होता, ‘शनिवारी झडतीच्या वेळी जागेवरच काढलेला’ असा शेरा मारून. नकाशात पलंग दाराजवळ. खणांचं टेबल त्याच्यापाशी, घड्याळाच्या जागी फुली. कपाटाची पाठ खोलीकडे. खाली बारीक अक्षरात: ‘गादी उभी केलेली, कपाट उलटं. बहुधा काही लपवण्यासाठी.’

तिने नकाशावरून नजर उचलली, खोलीवरून फिरवली, पुन्हा नकाशा पाहिला. बोटभरसुद्धा फरक नव्हता.

खोली आतून पाहिल्याशिवाय हा नकाशा काढताच आला नसता. म्हणजे विक्स आत गेला होता, आणि मिस आयलीन खोटं बोलत होती.

"काय झालं?" आयलीनने विचारलं.

"काही नाही," व्हेरोना म्हणाली. तिच्या स्वतःच्या घरी आजी गेली तेव्हा नवव्या दिवसाची वाट न बघता आरसा, पलंग सगळं त्याच तासाला फिरवलं होतं. इथेही तसंच केलं असणार. खाली बघत ती दाराकडे वळली, तेव्हा खिडकीखालच्या गालिच्यावर चार खोल गोल खुणा तिला दिसल्या. काहीतरी जड तिथे कित्येक महिने उभं होतं. तिने ते पाहिलं आणि पुढे गेली. पुढे जायला नको होतं, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

३

सार्जंट हॉरेस ब्रिंडल हा तो गोरा जाडा. वॉर्डल स्ट्रीटवर त्याचं नाव काढलं की माणसं थुंकायची. त्याने रस्त्यात अडवून खिसे तपासलेली पोरं एकामागे एक उभी केली असती, तर रांग चर्चपर्यंत गेली असती. बनावट पुरावा पेरणारा कुणी असेल तर तो हाच, असं व्हेरोनाला मनातून वाटत होतं. खोटं कशाला बोला, तो तोच निघावा असंही वाटत होतं.

"या पिनॉक, या. आज कुणाचं नरडं धरायला?"

"तुमचं, जमलं तर."

तो खदखदून हसला. "निदान तोंडावर बोलता. बसा. हे बघा, तुमचे लोक मला आवडत नाहीत. त्यांनाही मी आवडत नाही. फिटंफाट! पण जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते मी लिहीत नाही. बावीस वर्षांत एक ओळ नाही."

"मग काय पाहिलंत?"

त्याने आपली वही पुढे सरकवली. ‘मी तळमजला. काही नाही. विक्स वर, दोन मिनिटांत खाली. म्हणाला, काम झालं.’

"घड्याळ त्याच वेळी दाखवलं?"

"नाही. गाडीत बसल्यावर खिशातून पिशवी काढली. मी म्हटलं, शाब्बास." ब्रिंडलची बोटं टेबलावर थबकली. "दोन मिनिटांत खणांचं टेबल उपसून घड्याळ मिळालं, म्हणजे नशीबच म्हणायचं. तेव्हा विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आपलाच माणूस ना."

"आणि घर कसं वाटलं?"

"घर?" पहिल्यांदाच तो जरा अस्वस्थ झाला. "सांगू? हसाल. वर कुणीतरी श्वास घेत होतं. घर्र... थांबायचं... पुन्हा घर्र. मी खाली भांडी हलवतोय, आणि छतातून सारखा तो आवाज. मला माहीत होतं म्हातारा मेलाय. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, पिनॉक. मी लवकर आटपलं ते त्यामुळे."

व्हेरोनाने खुर्ची मागे सारली. तिथूनच आयलीनला फोन लावला.

"मिस आयलीन, शनिवारी बाबांच्या खोलीत काय चालू होतं?"

आयलीनचा आवाज आला, आणि तो पार बदललेला होता. "त्यांचं श्वासाचं मशीन. ऑक्सिजनचं. खिडकीखाली उभं असायचं, केवढं धूड ते! बाबा गेले तरी मी बंद केलंच नाही गं. ते थांबलं की ते खरंच गेले असं झालं असतं. डेवॉन म्हणायचा, राहू दे आत्या, चालू राहू दे. सोमवारी दवाखान्याचा माणूस येऊन घेऊन गेला. त्यानेच बटण दाबलं. मी बाहेर उभी राहिले."

"आणि पलंग? पलंग कधी हलवलात?"

"मशीन असताना कसा हलवणार? नळी नव्हती का पलंगाला बांधलेली! पलंग खिडकीशी, मशीन त्याला खेटून. मशीन गेलं, मग संध्याकाळी सगळे जमले आणि पुरुषांनी खोली फिरवली."

व्हेरोनाने नकाशा टेबलावर पसरला. खिडकीखाली काहीच काढलेलं नव्हतं. ना मशीन, ना नळी. शनिवारी ज्याच्या घरघरीने ब्रिंडलसारखा माणूस टरकला, ते धूड शनिवारीच काढलेल्या नकाशात नव्हतं.

४

दवाखान्याकडून आलेल्या माणसाने मशीन उचलण्याआधी नियमाप्रमाणे त्याचा फोटो काढला होता. वर वार आणि वेळ: सोमवार, सव्वाबारा. फोटोत खिडकीखाली मशीन, शेजारी पलंग, गादी आडवी, आणि कपाटाच्या आरशात फोटो काढणाऱ्याचा स्वतःचाच चेहरा. म्हणजे सोमवारी दुपारपर्यंत आरसा खोलीकडेच होता. मग व्हेरोना मुद्देमालाच्या कोठडीत गेली आणि घड्याळाची नोंद तिने स्वतः वाचली. ‘झाकणाच्या सांध्यात ओली माती, कुंपणाच्या झुडपाचं एक पान.’ मोज्यांखालच्या घड्याळात!

गुरुवारी सकाळी तिने विक्सला समोर बसवलं. देखणा, तिशीचा, मनमोकळा चेहरा. वॉर्डल स्ट्रीटच्या पोरांना तो रविवारी फुटबॉल शिकवायचा.

"व्हेरोना, तू या केसमध्ये आहेस ते बरं झालं," तो म्हणाला. "त्या घरासाठी मला फार वाईट वाटतं गं. सिरिल माझ्या आजोबांसारखे. ते जिन्यात पडले तेव्हा मीच दार उघडून आत गेलो होतो."

"दार कसं उघडलंस?"

"ओव्याच्या कुंडीखाली किल्ली असते ना. आंटीनेच सांगून ठेवलं होतं."

"हो. मलाही लहानपणापासून माहीत आहे." तिने नकाशा पुढे ठेवला. "हा शनिवारी काढलास? नक्की? नंतर आठवून नाही?"

"शनिवारी. तिथेच. खोलीत उभं राहून."

"गादी उभी होती?"

"मला तेच विचित्र वाटलं. आणि उलटं कपाट! म्हणून तर लिहिलं."

"कुणाला विचारलंस का, असं का केलंय ते?"

"कशाला?" तो हसला. "त्यांच्या घरात काय काय असतं, आपण थोडंच..." तो ‘आपण’ म्हणाला आणि व्हेरोनाच्या चेहऱ्याकडे पाहून अडखळला.

तिने फोटो नकाशाशेजारी ठेवला. विक्सने आधी एक पाहिलं, मग दुसरं.

"खोली हलत नाही, असं तुला वाटलं," व्हेरोना म्हणाली. "शनिवारी तू दारातूनच परत फिरलास. वकिलाने नेमकी जागा विचारली, तेव्हा तुला खोली माहीतच नव्हती. बुधवारी सगळं घर दफनाला गेलं. त्यांनीच दाखवलेली किल्ली काढून तू आत शिरलास, उभा राहून नकाशा काढलास आणि वर शनिवार लिहिलास. पण सोमवारी आमच्या लोकांनी खोली बदलली होती. सिरिलना ओळखू येऊ नये म्हणून. चौदा वर्षं तू या रस्त्यावर फिरतोयस, ऍलिस्टर. किती नवव्या दिवसांचं जेवलास? खोली का बदलतात, एकदा विचारलं असतंस तर आज सुटला असतास."

"तू हे सिद्ध..."

"टॉलीबाईंनी तुझी पावलं ऐकली. तुलाच येऊन सांगितली बिचारीने. उंबऱ्यावर तू तांदूळ चिरडलेस. मेलेल्या माणसाच्या पायाला वजन नसतं."

त्याचा चेहरा हळूहळू विझला. बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता, आणि तोच व्हेरोनाला सगळ्यात भयाण वाटला.

"घड्याळ क्वेलबाईंच्या कुंपणात पडलं होतं. पळताना टाकलं असणार त्याने. मी कुणाला फसवलं नाही, व्हेरोना. मला खात्री होती. उंच, जाकिटाची टोपी, बाईंचं कुंपण कापायला डेवॉनच यायचा. दुसरं कोण असणार? मी फक्त... जरा मदत केली खऱ्याला."

"कुंपणातलं कुंपणातच राहू दिलं असतंस, तर त्यावर खऱ्या चोराच्या बोटांचे ठसे मिळाले असते. तू ते पुसून पिशवीत घातलंस. दुसरं कोण, हे आता कधीच कळणार नाही. शनिवारनंतर कुणी शोधलंच नाही."

५

शुक्रवारी डेवॉनने सही केली नाही. दुपारी सरकारी वकिलाने खटला मागे घेतला आणि साडेतीनला पोरगा वॉर्डल स्ट्रीटवर गाडीतून उतरला, हातात तुरुंगाने दिलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन. तो सरळ वर गेला. व्हेरोना जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबली.

वर दार उघडल्याचा आवाज आला.

"आत्या," डेवॉनचा आवाज आला, "ही खोली कुणाची?"

आयलीनने ऍप्रन डोळ्यांना लावला आणि ती धावत वर गेली. ते दोघं रडले ते खालपर्यंत ऐकू आलं. आजोबा गेल्यावर पोरगा आजच पहिल्यांदा रडत होता. रडायला त्याला मोकळीक मिळाली कुठे होती!

चार वाजून गेले. साडेचार झाले. टॉलीबाई लंगडत दारात आल्या आणि कुजबुजल्या, "आज नाही आली. पावलं. मी भिंतीला कान लावून बसले होते. बाई, बुधवारी दुपारी तो विक्स होता, मान्य. पण मग बाकीच्या दिवशी कोण होतं?"

व्हेरोनाच्या वहीत या प्रश्नाला जागा नव्हती. उत्तर दिलं ते जिना उतरणाऱ्या आयलीनने.

"बाबा पोराची वाट बघत होते," ती म्हणाली. "पोरगा आला. गेले."

तिने व्हेरोनाला बसवून घेतलं. वाढलं. सोळा वर्षांनी त्या स्वयंपाकघरातला भात आणि वाटाणे व्हेरोनाच्या पानात पडले. घास गिळताना तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

निघताना दाराबाहेर सवयीने तिचा हात खाली गेला. लहानपणी येता-जाता ती असंच करायची, किल्ली जागेवर आहे ना ते बघायला. तिने ओव्याची कुंडी तिरकी केली. खाली ओल्या दगडावर किल्लीच्या आकाराचा गंजका डाग तेवढा होता.

मान वर केली तर दारात आयलीन उभी.

"आता नाही ठेवत, पोरी," ती म्हणाली. "कुणासाठीच नाही. तू आलीस तर बेल वाजव. मी आधी खिडकीतून बघेन, आणि मग उघडीन."

दार लागलं. पाठोपाठ साखळी अडकवल्याचा आवाज आला.